बंदुकीच्या नळीतलं हळकुंड

मी भित्रा आहे. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवतही नाही. कुणाला वांगं चालत नाही, तसं मला धाडस चालत नाही. लहानपणी दिवाळीत लवंगी माळ लावायची झाली की मी उदबत्ती दुसऱ्याच्या हातात देऊन जिन्याआड उभा राहायचो. आणि नेमका मलाच कतारमध्ये असा घरमालक मिळाला, ज्याच्याकडे जुन्या लष्करी रायफलींनी भरलेलं कपाट होतं.

उम्म सलाल मोहम्मदमध्ये एका मोठ्या व्हिलाचा मागचा तुकडा भिंत घालून भाड्यानं दिलेला होता. त्यात मी एकटा राहायचो. पुढच्या भागात घरमालक आणि त्यांची बायको. ते सत्तरीच्या पुढचे, नोकरीतून निवृत्त झालेले. गल्लीतले सगळे त्यांना हाजी म्हणत, म्हणून मीही हाजीच म्हणू लागलो. त्यांना हिंदी येई. त्यात व्याकरणाचे हाल व्हायचे, पण म्हणणं पोचायचं. मी मेसईदच्या एका खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर होतो. म्हणजे दाब वाढला की काटा थरथरतो, आणि काटा थरथरला की मी.

पहिल्यांदा त्यांनी मला मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या बैठकीत, बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता खोली सोडायला सांगणार. दार उघडून बघतो तर गालिच्यावर चादर अंथरलेली आणि तिच्यावर सहा रायफली ओळीनं निजवलेल्या. मी उंबऱ्यातच थबकलो. हाजी हसले.

"डर नहीं. सब बुड्ढा है, मेरे जैसा."

हा त्यांचा जुना नाद. परवाने, शिक्के, सगळं रीतसर. लढाया संपल्या की सैन्यं आपल्या रायफली ढिगानं मोडीत काढतात आणि मग त्या जहाजांतून, लिलावांतून हिंडत हौशी लोकांच्या घरी येऊन पडतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांच्याकडे नळीला मोठी कडी बसवलेली एक जर्मन होती, एक रशियन, एक झेक, तुर्कस्तानातून आलेली एक आणि दोन थ्री-नॉट-थ्री. रशियन रायफल आली तेव्हा घट्ट तपकिरी ग्रीसनं बरबटलेली होती. गोदामात गंज चढू नये म्हणून ते थापतात. ते काढायला हाजींनी ती अंगणात उन्हात टांगून ठेवली, आणि कतारच्या जुलैनं ते काम दोन दुपारींत उरकलं. लाकडी दस्त्यांवर कुणी कुणी चाकूनं आपली अक्षरं कोरून ठेवलेली होती. हाजी त्यांवरून अंगठा फिरवायचे आणि मला दाखवायचे. माझ्या मनात एकच यायचं, की हा कोरणारा पोरगा पुढं घरी पोचला का.

या सगळ्या एका वेळी एकच गोळी उडवणाऱ्या. कडीसारखा एक दांडा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. तो वर उचलायचा, मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, खाली पाडायचा. आवाज आपल्या कडी-कोयंड्याचाच. पण तो ऐकला की मला दरदरून घाम फुटायचा. हाजींना याची मोठी गंमत वाटे. मी चहाला गेलो की ते मुद्दाम एकदा बोल्ट ओढून दाखवत आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत.

एकदा त्यांनी मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. शहराबाहेर वाळूचे बांध घालून केलेली जागा. शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवायचे. छपराखाली टेबलं, आणि टेबलांपुढे जमिनीवर आखलेली पिवळी रेघ. हाजींनी त्या रेघेकडे बोट दाखवून बजावलं, "इसके आगे कोई नहीं. टोपी गिरा, चाबी गिरा, खलास. जाने दो." हे मला सांगायची गरजच नव्हती. मी त्या रेघेपासूनही चार पावलं मागं होतो.

मग त्यांनी थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट काढून बाजूला ठेवला, रायफल आभाळाकडे धरली आणि मागच्या बाजूनं मला आत बघायला लावलं. नळीच्या दुसऱ्या टोकाला आभाळाचा पांढरा गोल ठिपका दिसत होता. "ये दिखना चाहिए," हाजी म्हणाले. "अंदर कुछ अटका, कपड़ा, मिट्टी, कुछ भी, तो गोली बाहर नहीं जाता. नली फटता है. इधर." आणि त्यांनी तळहात आपल्या गालावर ठेवला, नेम धरताना दस्त्याला टेकतो त्याच गालावर. त्यांच्या एका मित्राचा डोळा असाच गेला होता. नळीत राहिलेली पुसायची चिंधी, एवढंच कारण. म्हणून हाजी प्रत्येक वेळी घरी आल्यावर नळ्या स्वतः साफ करत, पुसून कपाटात कुलपात ठेवत, आणि कपाटातून निघालेली रायफल मोकळीच आहे असं धरून चालत. त्या दिवशी मी एक गोळी उडवली. ती कुठं गेली मला माहीत नाही, कारण डोळे मिटलेले होते. खांदा मात्र आठवडाभर निळा राहिला.

पुढं ऑक्टोबरात आई व्हिजिट व्हिसावर आली. माझे वडील साताऱ्याकडे पोलिसात हवालदार होते. ट्रेझरीच्या दारात थ्री-नॉट-थ्री घेऊन उभं राहण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. ते जाऊन आता काही वर्षं झाली होती. हाजींच्या दोन थ्री-नॉट-थ्रींपैकी एक आपल्याकडच्या सरकारी कारखान्यात बनलेली होती. हाजींनी कौतुकानं ती आईपुढे धरली, "इंडिया! इंडिया!" म्हणत. आईनं दस्त्यावर हात ठेवला.

"ह्यांचीच हाय," ती म्हणाली.

"आई, अशा लाखो बनल्या असतील."

"असू दे. असलीच हुती."

आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. हाजींची बायको उठून तिच्याजवळ येऊन बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघी बराच वेळ तशा बसल्या. हाजी घसा खाकरत अंगणात निघून गेले.

घरी आल्यावर आईनं विषय काढला. खंडेनवमी जवळ आली होती. पोलीस लाइनीत त्या दिवशी सगळी हत्यारं टेबलावर मांडत, आणि बायका ओळीनं येऊन हळद-कुंकू वाहत, पुढ्यात हळकुंड आणि झेंडूचं फूल ठेवत. वडिलांच्या रायफलीला आईनं कधी चुकवलं नव्हतं. "त्या बंदुकीची पूजा करायची हाय मला," ती म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्याचा देश, दुसऱ्याचा धर्म, दुसऱ्याची वस्तू. त्यातून ती बंदूक. मला लगेच पुढचं सगळं दिसू लागलं: हाजींचा उतरलेला चेहरा, खोली गेलेली, कुणीतरी तक्रार केलेली, विमानतळावर आईचा पासपोर्ट कुणाच्या तरी हातात. हाजींना सरळ विचारावं, एवढंही धाडस मला झालं नाही. मी आईलाच दरडावलं. "कुंकवाचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये त्या बंदुकीवर. कळलं?"

"बरं," आई म्हणाली.

आई एवढ्या पटकन बरं म्हणाली, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

दसरा कामाच्या दिवशी आला. इथं दसऱ्याची सुट्टी नसते, म्हणून मी मेसईदला ड्युटीवर होतो. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधून आईला फोन केला. ती भलतीच खुशीत होती. आपट्याची पानं मिळाली नाहीत याची कुरकूर झाली, गोडाचं काय केलं ते झालं, आणि मग म्हणाली, "काल पूजा बी झाली बरं का माझी."

"कसली पूजा?"

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी कामावर असताना ती बेसनाचे लाडू घेऊन पुढच्या घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी रेंजवर न्यायच्या म्हणून हाजींनी सगळ्या रायफली तेलाचा हात फिरवून मजलिसमध्ये चादरीवर मांडल्या होत्या आणि ते नमाजाला गेले होते. त्यांची बायको कहवा आणायला आत गेली. तेवढ्यात आईनं कनवटीची डबी काढली.

"काय केलंस तू आई?"

"काय न्हाय रं. हळद-कुंकू लावलं हळकुंडाला आन् ठिवलं."

"कुठं ठेवलंस?"

"तूच म्हणलास न्हवं दिसायचं न्हाय म्हणून? मग आत ठिवलं. नळीत. पेन्सिलीवानी बारकं हुतं, करंगळीनं सारलं आत. कुणाला बी दिसायचं न्हाय."

माझ्या हातातला घास ताटात पडला. समोरचा केरळी सहकारी काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. हाजी त्याच दुपारी रेंजवर जाणार होते.

"आई, पुढं जा. हाजी आहेत का बघ. पळत जा."

"आत्ताच गेली की गाडी. त्या लांबड्या पेट्या घातल्या आन् गेलं."

हाजींचा फोन लावला. वाजत राहिला. लॉकरमध्ये वाजत असणार. रेंजचा नंबर शोधून लावला, तर यंत्रातला आवाज अरबीत काहीतरी सांगून वाजंत्री वाजवू लागला. साहेबाला "घरी इमर्जन्सी" एवढं म्हटलं आणि गाडीत बसलो.

मेसईद दोह्याच्या दक्षिणेला आणि रेंज पार उत्तरेकडे. त्या रस्त्यावर जागोजागी कॅमेरे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे न बघता गाडी हाकली. डोळ्यांपुढं रस्ता नव्हताच. हाजींचा गाल होता, पांढऱ्या दाढीचा, आणि त्यावर त्यांनीच ठेवलेला तळहात. हा माणूस मी आजारी पडलो तेव्हा सूपचं पातेलं घेऊन मागच्या दारी आला होता. आणि आता त्याचं तोंड फाटणार, कशानं, तर माझ्या आईच्या हळकुंडानं. तिथं पोलीस येणार. ते आईला विचारणार, तू काय ठेवलंस? आणि ती खरं तेच सांगणार, कारण तिला खोटं बोलता येत नाही. मी मोठ्यानं देवाचं नाव घेत होतो आणि मधेच आईला बोल लावत होतो, आणि पुन्हा देवाचं नाव घेत होतो.

रेंजच्या दारात नेपाळी गार्डनं अडवलं. मेंबर कार्ड? आतून गोळ्यांचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला मला वाटायचं, हाच. "हाजी के घर से हूँ, जरूरी है," एवढंच मला बोलता येत होतं. माझा अवतार बघून त्याला दया आली असावी. फोन लॉकरमध्ये टाकायला लावला, कानांवर मफ दिले आणि सोडलं.

छपराखालच्या मधल्या टेबलापाशी हाजी उभे होते. उभे. मी खांबाला धरून तिथंच थांबलो. त्यांच्यापुढं ती थ्री-नॉट-थ्री आडवी पडलेली होती, बोल्ट काढलेला, आणि त्यांच्या हातात साफ करायची लांब पितळी सळई. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र थोबच्या, म्हणजे पायघोळ अंगरख्याच्या, बाहीवर पिवळा-तांबडा फराटा उमटला होता. वाटेत मशिदीत नमाजाला थांबून ते नुकतेच पोचले होते, हे नंतर कळलं. पेटीतून उचलताना नळीचं तोंड बाहीला घासलं, डाग पडला, म्हणून वैतागून त्यांनी नळीत बघितलं होतं. त्यांनी मला पाहिलं, मफ खाली ओढले आणि तळहात पुढं केला. त्यावर हळकुंड होतं.

"ये क्या है? मम्मी का मसाला?"

मी मटकन खाली बसलो आणि रडलो. दुसरं काही सुचलंच नाही. मग तसाच बसून सगळं सांगितलं: वडील, ट्रेझरी, पोलीस लाइन, खंडेनवमी, मी आईला दिलेला दम. हाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावले नाहीत. हळकुंड रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. "मेरे को बोलना था," एवढंच म्हणाले. "फूल लाके रखता मैं."

मग त्यांनी विचारलं, "बस एक?"

"एकच, हाजी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "बाबूजी का बंदूक ये एक ही था. बाकी से उसका क्या रिश्ता?"

त्यांनी मान हलवली. पाठीवर थोपटलं. "यल्ला, मम्मी को फोन करो. वो भी डरता होगा."

मी बाहेर आलो, लॉकर उघडला, फोन काढला. अंगातून सगळी ताकद गेल्यासारखी झाली होती, पण बरं वाटत होतं. थंड पाण्याची बाटली मानेवर धरून मी आईला म्हणालो, "सापडलं, आई. हाजी ठीक आहेत."

"सापडली व्हय दोन्ही?"

"दोन्ही म्हणजे?"

"आरं, शेजारी ती दुसरी हुती की, मोठ्या कड्यांची. हळद-कुंकू लावताना शेजारी बसलेलीला कुणी तसंच उठवतं व्हय? तिला बी लावलं. पहिलीला जरा बरबाटलं, म्हणून दुसरीला पदरानं चांगलं पुसून घेतलं."

फोन कुठं टाकला ते आठवत नाही. गार्ड मागून ओरडत होता. मी छपराखाली आलो तेव्हा हाजी टेबलाशी बसले होते. कानांवर मफ, खांद्याला जर्मन रायफल, बोल्ट खाली पाडलेला, गाल दस्त्याला टेकलेला. रेंजवर देखरेख करणारा माणूस पार पलीकडे, माझ्याकडे पाठ करून उभा.

मी ओरडलो. दोन टेबलांपलीकडे कुणाची तरी गोळी सुटली आणि माझा आवाज त्यात गेला. पुन्हा ओरडलो. हाजींनी मान हलवली नाही. दोन ढांगांत मी त्यांच्या पाठीशी पोचलो, हात पुढं केला आणि तिथंच थांबवला. बोट चापावर होतं. मी खांद्याला हात लावला असता तर ते दचकले असते, आणि दचकलेलं बोट आवळतं. त्यांना मी दिसायला हवा होतो. आणि त्यांचे डोळे समोर होते.

मी टेबलाला वळसा घालून पिवळ्या रेघेच्या पुढं गेलो. दोन्ही हात वर करून उभा राहिलो. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. पायांवरून ओल गेल्यासारखं वाटलं आणि ती घामाची होती की कशाची, हे मी आजही सांगणार नाही. डावीकडून कुणीतरी किंचाळलं, शिट्टी वाजली. रायफलीचं काळं तोंड माझ्या बाजूला हातभर अंतरावर होतं, आणि त्यामागून हाजींचा एक उघडा डोळा माझ्याकडे वळला.

त्यांनी चापावरचं बोट काढलं. आधी बोट, मग डोकं वर. ओठ हलले, शिवीच असावी. मी नुसता नळीकडे हात दाखवत राहिलो. त्यांनी बोल्ट उचलून मागं ओढला. काडतूस उडून टेबलावर पडलं आणि घरंगळत खाली गेलं. मग त्यांनी बोल्ट पुरता काढला, रायफल आभाळाकडे धरली आणि डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग ती माझ्याकडे दिली.

मी आत बघितलं. आभाळाचा ठिपका नव्हता. नुसता काळोख होता.

हाजी बाकावर बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "और?"

या वेळी मी छातीवर हात ठेवला नाही. बाकीच्या चार पेट्या टेबलाखाली बंद होत्या. आम्ही दोघं दाराकडे निघालो. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. गार्डनं उचलून ठेवलेला फोन मी घेतला आणि स्पीकर लावला.

"आई, आठवून सांग. दोनच ना? बाकीच्या चारांत काही नाही ना?"

"दोनच रं," आईचा आवाज आला, अगदी रोजचा, कणीक मळताना येतो तसा. "डबीत हळकुंडंच दोन उरली हुती. न्हाय तर सगळ्यांनाच ठिवली असती की."

"क्या बोला?" हाजींनी विचारलं.

"दो ही," मी म्हणालो. पुढचं मला सांगवेना.